चतुःसीमा

लाखांदूरच्या निबंधक कचेरीसमोर टिनाच्या छपराखाली
एकतीस वर्षं मी खरेदीखतं लिहिली.
पूर्वेस दुधराम नाकाड्यांची बांधी,
पश्चिमेस पांधण,
उत्तरेस नहर, दक्षिणेस लिहून देणाराचीच शिल्लक जमीन,
येणेप्रमाणे चतुःसीमेच्या आतील
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह...
हात इतका सरावलाय
की झोपेतही बोटं दिशा मोजतात.

परवा धुरपता लांजेवार आली.
पिशवीतून मोबाइल काढला,
कोपऱ्यात तडा, भोवती रबरबँड.
म्हणाली, हे माह्या नावावर करून द्या जी.
मोबाइल?
नाही जी, आतले नाटकं.

बावीस नाटकं. झाडीपट्टीची, रात्रभराची,
एकेक एकोणपन्नास रुपयांना घेतलेलं.
मंडईच्या दिवसांत नवरा रंगमंचामागं पडदे ओढायचा,
समोरून नाटक कधी दिसलंच नाही त्याला,
म्हणून म्हातारपणी विकत घेऊन बघायचा
गोठ्यात बसून, कानात वायर घालून.
फागुनात तो गेला.
कंपनीनं आधी खातं बंद केलं, मग उत्तर पाठवलं.
पुतण्यानं वाचून दाखवलं:
सदर परवाना व्यक्तिगत असून हस्तांतरणीय नाही.

परवाना कशाचा? बंदूक होती काय ते?
बटनावर तर 'विकत घ्या' लिहून होतं,
यायनं दाबलं, पैसे कटले.
आमच्या घरी बकरी अशीच आली होती,
पैसे देल्ले, दोर हातात घेतला, झालं.
इथं दोर कोनाच्या हातात राह्यला जी?

मी चष्मा पुसला.
उत्तर नसलं की पुसतो.

कागद ओढून मनातल्या मनात लिहून पाहिलं:
पूर्वेस पासवर्ड, तो मयतास ठाऊक.
पश्चिमेस चार्जिंग.
उत्तरेस टॉवर, वारा सुटला की जातो.
दक्षिणेस
दक्षिणेस काय आहे मला कळेना.
अटी व शर्ती असतील, त्रेचाळीस पानं,
राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, नशापाणी न करता
न वाचता मान्य केलेल्या.
आम्ही साक्षीदार तरी दोन घेतो.

खोटं कशाला सांगू, माझाही एक ऐवज आहे असा.
फोन लावणाऱ्याला ऐकू येतं ते गाणं,
महिना तीस रुपये, सात वर्षं झाली.
लोक म्हणतात, मुनशीजी, तुमचं गाणं छान आहे.
मी ते अजून ऐकलेलं नाही.

ही खरेदी नव्हे, बाई, म्हणालो, मक्ता आहे.
मक्त्यालाही मुदत असते, याला तीही नाही.

ती रस्त्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, आमच्या गावच्या तलावाचा मालक कोन?
सरकार. आधी मालगुजार होते.
मंग मी तिथं कपडे धुतो, म्हशी पानी पेतात,
कोनी अडवते का?
नाही. तो निस्तार आहे. गावाचा हक्क,
मालकी दुसऱ्याची असली तरी.
कागदावर आहे?
आहे, इंग्रजाच्या काळापासून.

मंग तेच लिवा.

तो कागद आता माझ्या पेटीत आहे.
लिहून घेणार: धुरपता भाऊराव लांजेवार, वय अंदाजे साठ.
लिहून देणार: जागा कोरी.
बावीस नाटकांचा निस्तार,
रात्री, जेवणं उरकल्यावर,
वारसांनाही, आणि शेजारी येऊन बसले तर त्यांनाही.
मुद्रांक लावलेला नाही.
कोणत्या कचेरीत दाखल करायचा ते ठरत नाही.

तिचा फोन येतो अधूनमधून, झालं का जी काम?
काल मी पहिल्याच घंटीला उचलला
तर नाराज झाली.
जरा थांबून उचलत जा, म्हणाली,
गाणं आयकत होतो.